ढोरांच्या दवाखान्यातली पोरगी

डॉक्टरसाहेबांनी पहिल्या दिवशी मला जे काम दिलं, ते मी पळून जावं म्हणूनच दिलं होतं. हगवण लागलेला एक बैल दवाखान्याच्या मागच्या छपरात बांधला होता. त्याच्या मागची भिंत, जमीन, गव्हाणीचा कठडा, सगळं पातळ शेणानं माखलेलं होतं. साहेबांनी मला खराटा दाखवला, फिनेलची बाटली दाखवली, विहिरीकडं बोट केलं आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. खिडकीतून मी त्यांना दिसत होते. मी पदर कमरेला खोचला आणि कामाला लागले. भिंत झाली, जमीन झाली, मग कुणी न सांगता बैलाच्या मागच्या मांड्या आणि शेपटी धुतली. बैलानं एकदा पाय झाडला, पण त्याच्यात त्राण नव्हतं. हातपाय धुऊन मी दारात उभी राहिले आणि शाळेतल्या उर्दूत विचारलं, आता काय करू. त्यांनी उठून भिंत आणि बैल पाहून घेतला. मग म्हणाले, उद्या ये.

हिंगोलीच्या ढोरांच्या दवाखान्यात मी अशी शिरले. निजामाचं राज्य होतं आणि मी नुकतीच मॅट्रिक झाले होते.

आमचं गाव शिरड शहापूर. घरी शेती, बैल, गाई-म्हशी. माय मी लहान असतानाच गेली. भाऊ नव्हता. एका वर्षी गावात घटसर्पाची साथ आली. जनावराचा गळा सुजायचा, श्वास घरघरायचा आणि सकाळी चरायला गेलेली गाय दिवस मावळायच्या आत आडवी व्हायची. लोकांनी वेशीवर नारळ फोडले, कोंबडी कापली. हिंगोलीच्या दवाखान्याचा माणूस सुया घेऊन आला तोवर आमचा गोठा निम्मा रिकामा झाला होता. ज्यांच्या जनावरांना त्यानं सुई टोचली त्यांतली बहुतेक वाचली. मी तेव्हा परकर नेसायच्या वयाची होते, पण त्या माणसाच्या मागं मागं गावभर फिरले. त्याच्या हातात होतं ते आपल्या हातात का असू नये, एवढंच माझ्या डोक्यात बसलं आणि ते पुढं कुणाला काढता आलं नाही.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला शिकवलं ते लोकांच्या नाकावर टिच्चून. गावातली शाळा संपली तशी त्यांनी मला हिंगोलीला आत्याकडं ठेवलं आणि मुलांच्या शाळेत घातलं. भावकी हसली. आबा म्हणाले, माझी पोरगी आहे, मी बघीन. असा बाप असताना माझ्यात हट्ट कुठून आला याचं नवल त्यांनी करायला नको होतं. पण मॅट्रिकनंतर मी ढोरांची डॉक्टर होणार म्हणाले तेव्हा त्यांनी नवल केलंच. माणसांची डॉक्टर हो, मास्तरीण हो, म्हणाले, हे कसलं खूळ.

हैदराबाद शहरातल्या ढोरांच्या डॉक्टरीच्या कॉलेजची एक अट होती. अर्ज करण्याआधी उमेदवारानं जनावरांत प्रत्यक्ष काम केलेलं असावं आणि सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरनं तसा दाखला द्यावा. शाळेतल्या मास्तरांनी ही अट मला सांगितली ती माझा नाद सुटावा म्हणून. मी घरी जाऊन ती आत्याला सांगितली.

आत्या विधवा होती. म्हशी पाळून गावात दुधाचा रतीब घालायची. डॉक्टरसाहेबांच्या घरीही तिचंच दूध जायचं. ती मला घेऊन सरळ दवाखान्यात गेली. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, उतारवयाचे, शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेले. आत्या त्यांना म्हणाली, "साहेब, माझ्या म्हशी तुमी बघता. आता ही माझी भाची बघा. हिला तुमचं काम शिकायचंय."

साहेबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्यांचं मराठी मोडकं होतं, पण समजायला कमी नव्हतं. "बेटी, इथं गोबर आहे, पू आहे, लाथ आहे. किताब न्हाई."

मी म्हणाले, किताब मी घरी वाचीन.

मग ते खराटा आणि फिनेल झालं.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक छप्पर आणि अंगणात जनावर अडकवून उभं करायचा लाकडी खोडा. बाजाराच्या दिवशी हळद आणि जवारी भरलेल्या गाड्या यायच्या आणि गाड्यांबरोबर जू घासून खांदे सुजलेले बैल. टांग्याचे घोडे यायचे, शेळ्या यायच्या, शिंग मोडलेली म्हैस यायची. मी आधी नुसती बादल्या भरत होते. मग वेसण धरायला शिकले. मग बांबूच्या नळकांड्यानं औषध पाजायला शिकले, म्हणजे जनावराचं तोंड किती वर धरायचं आणि खोकलं की लगेच कसं खाली सोडायचं ते. शेपटीखाली बोट ठेवून नाडी बघायला शिकले. पोट फुगलेल्या बैलाच्या डाव्या कुशीवर थाप मारली की नगाऱ्यासारखा आवाज येतो, तो ऐकायला शिकले. दोरी टाकून बैल खाली पाडायचा तर जोर कमी आणि अंदाज जास्त लागतो, हेही तिथंच कळलं. अंगावर वळ उठायचे. एकदा एका घोड्यानं दंडाला चावा घेतला. आत्यानं हळद लावून बांधलं. उद्या घरी बस, असं मात्र ती म्हणाली नाही.

त्रास जनावरांनी फारसा दिला नाही. कंपाउंडर मला दिवसभर 'डॉक्टरीणबाई' म्हणून हाक मारायचा आणि आलेल्या लोकांकडं बघून डोळे मिचकवायचा. मी त्या हाकेला ओ देऊ लागले, तसा त्यालाच कंटाळा आला. गडी माणसं जास्त अवघड. एकानं बैलाचा खांदा दाखवायला आणला होता. मी औषधाचं भांडं घेऊन पुढं झाले, तर त्यानं बैल मागं ओढला. बाईमाणसानं बैलाच्या खांद्याला हात लावायचा नसतो, वर्षभर शेत पिकत नाही, असं त्याचं म्हणणं. शिवाय ही आज विटाळशी आहे का न्हाई ते कुणाला ठाऊक, असं तो कंपाउंडरला विचारून राहिला, मी समोर उभी असताना.

मी म्हणाले, "मामा, मला विचारा की. मी हितंच हाय. बैल तुमचा हाय, न्यायचा तर न्या. पर खांदा सडला तर ते माझ्या हातानं न्हाई, तुमच्या हातानं."

तो बैल घेऊन निघून गेला. परत आला नाही. त्या बैलाचं पुढं काय झालं ते मला आजपर्यंत माहीत नाही. साहेबांनी आतून सगळं ऐकलं होतं.  पुढचा बैल आला तेव्हा ते खुर्चीवरून उठलेच नाहीत, तिथूनच मालकाला सांगितलं, ही लडकी बघेल, तिला दाखवायचं नसेल तर दवाखाना बंद आहे.

गोऱ्हे खच्ची करायचा दिवस आला तेव्हा मात्र तेच साहेब मला म्हणाले, आज तू आत बस. अंगणात पाचपन्नास माणसं जमलेली, सगळे गडी, आधीच हसत होते. मी आत गेले नाही. साहेबांनी पुन्हा सांगितलं. मी त्यांना विचारलं, दाखल्यात तुम्ही काय लिहिणार, सगळं काम शिकली की निम्मं शिकली? कॉलेजात निम्म्या बैलाची परीक्षा घेतात का?

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली, पुन्हा घातली. मग म्हणाले, "हसणारे हसतील."

"हसू द्या," मी म्हणाले.

पहिल्या गोऱ्ह्यापासून मी पाय धरले. माणसं हसली, नंतर कुजबुजली, नंतर गप्प झाली, कारण काम लांबलं आणि ऊन वाढलं. शेवटच्या काही गोऱ्ह्यांना साहेबांनी लोखंडी चिमटा माझ्या हातात दिला आणि माझ्या हातांवर आपले हात ठेवून नस कुठं दाबायची ते दाखवलं. त्या दिवशी मी घरी जाताना बाजारपेठेतल्या रस्त्यानं गेले, मागच्या बोळातून नाही.

व्हायचं ते झालं. औंढ्याकडच्या एका घरातून मला स्थळ आलेलं होतं. मुलाचा चुलता व्याल्यावर वार आत अडकलेली गाय घेऊन दवाखान्यात आला. मी कोण हे त्याला ठाऊक नव्हतं. माझा हात गाईच्या पोटात दंडापर्यंत होता आणि मी वार हळूहळू सोडवून राहिले होते. काम झाल्यावर त्यानं गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं आणि त्याचा चेहरा उतरला. गाय बरी झाली. स्थळ मोडलं.

आबा दमणी जुंपून आले ते मला घेऊन जायलाच. आत्याच्या ओसरीवर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. "लोक म्हणून राहिलेत, तुमची पोरगी ढोराच्या मागं हात घालती."

"खरं म्हणून राहिलेत," मी म्हणाले.

आत्यानं मधे बोलायचा प्रयत्न केला. आबा म्हणाले, ताई, तू मधे पडू नको. मला दमणीत बसावं लागलं. बापाच्या मर्जीविरुद्ध परगावी राहणं त्या काळी शक्य नव्हतं. पण वाटेत मी त्यांना एकदाच सांगितलं की मला घरात बसवाल, पण माझ्या डोक्यातलं तुम्हाला उतरवता येणार नाही. ते बैलांकडं बघत राहिले.

गावात मी घरकाम करत होते आणि पुस्तकं वाचत होते. आमची एक म्हैस व्यायला झाली होती. एके दिवशी सकाळी तिनं कळा द्यायला सुरुवात केली आणि दुपार झाली तरी सुटका नाही. आबांनी शेजारची माणसं बोलावली. मी गोठ्याच्या दारात आले तर त्यांनी रेडकाच्या दिसणाऱ्या एका पायाला दोर बांधला होता आणि चौघं मिळून ओढत होते. म्हैस हंबरत नव्हती, नुसती कण्हत होती.

मी म्हणाले, दोर सोडा. कुणी ऐकलं नाही. एकजण म्हणाला, पोरीबाळींनी इथं येऊ नये. मी आबांकडं वळले.

"आबा, म्हैस आपली हाय. यांची न्हाई. दुसरा पाय आत मुडपलाय. असं ओढलं तर म्हैस फाटून मरंल."

आबांनी माझ्याकडं पाहिलं, मग म्हशीकडं. त्यांनी त्या माणसांच्या हातातून दोर घेतला आणि खाली टाकला. 

मी बांगड्या उतरवल्या, साबणानं खांद्यापर्यंत हात धुतले, करडीचं तेल चोपडलं आणि शेणात गुडघे टेकून बसले. कळ आली की माझा हात चेपून बधिर व्हायचा. कळ ओसरली की मी रेडकाचं डोकं मागं ढकलायची आणि दुसरा पाय शोधायची. गुडघा सापडला, पण खूर सापडेना. दवाखान्यात साहेबांना हे करताना मी पाहिलं होतं, पण पाहणं निराळं. घाम डोळ्यांत जात होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. आबा कधी खाली बसले ते मला कळलं नाही, पण त्यांनी आपल्या पटक्याच्या टोकानं माझं कपाळ पुसलं. शेवटी खूर माझ्या मुठीत आला. खुराचं टोक तळव्यात झाकून, म्हशीला आत लागू नये म्हणून, मी तो पुढं ओढला. मग दोन्ही पाय आणि डोकं सरळ झालं आणि पुढच्या कळेला रेडकू बाहेर आलं.

ते मेलेलं होतं.

म्हैस जगली. तिनं गुळाचं पाणी प्यायलं, दिवस कलता कलता उठून उभी राहिली. पण गावात गोष्ट फिरली ती रेडकाची. पोरीच्या हातानं रेडकू मेलं, म्हणे. दोर ओढणाऱ्यांपैकी एकानं हे आमच्या ओसरीवरच सांगितलं. मी आतून बाहेर आले. त्याला म्हणाले, माझं बोट त्याच्या तोंडात गेलं तेव्हा त्यानं चोखलं नाही. जीभ लुळी पडली होती. ते आधीच गेलं होतं, आणि ते आत मरत असताना तुम्ही बाहेर दोर ओढत होता. तो माणूस आबांकडं बघू लागला, पोरीला आवरा म्हणून. आबा तंबाखू मळत राहिले. त्या माणसानं पुढं बरेच दिवस आमच्या घरी पाय ठेवला नाही.

गडी माणसं मला जनावर दाखवणार नव्हती, हे नक्की झालं. पण बायका आल्या. आधी एक मेंढरांवाली बाई आली. त्यांचं बिऱ्हाड गावाबाहेरच्या पडीत रानात होतं, मेंढरं, शेळ्या आणि थोडी शेती. तिच्या शेळीचा सड दगडासारखा झाला होता. तिनं गडीमाणसांना न विचारता शेळी माझ्यापुढं आणून उभी केली. मी शेकलं, पिळून घाण काढली, पुन्हा कसं शेकायचं ते सांगितलं. सड पुरता सुधारला नाही, पण शेळी बरी झाली. मग तिनं जखमेत किडे पडलेली मेंढी आणली. मग दुसऱ्या बायका यायला लागल्या, कारण शेळ्या बायकांच्याच असतात आणि शेळीसाठी नवऱ्याची परवानगी लागत नाही. आमच्या अंगणात सकाळी शेळ्यांचा कल्ला व्हायचा. आबा उठून शेतावर निघून जायचे.  एक दिवस मात्र त्यांनी निंबाखाली खुंट्या ठोकून दिल्या आणि म्हणाले, तुळशीला शेळ्या खाऊन राहिल्या.

पावसाळ्याच्या तोंडावर डॉक्टरसाहेब घटसर्पाच्या सुया घेऊन दौऱ्यावर आले. चावडीपुढं जनावरं लावली होती. मी बोलावल्याशिवाय गेले आणि पहिल्या बैलाची वेसण धरली. साहेबांनी, मधे काही झालंच नव्हतं अशा तऱ्हेनं, माझ्या हातात उकळलेल्या सुयांचं भांडं दिलं. दुपारी ते आमच्या ओसरीवर बसले. त्यांनी माझ्याकडं आलेल्या शेळ्या-मेंढ्यांबद्दल बारीक चौकशी केली, एका ठिकाणी मी चुकले होते ते रोखठोक सांगितलं आणि मग आबांना म्हणाले, "दाखला मी लिहून देणार. पोरीनं कमावला आहे. आता तिला सोडायचं की बांधायचं, ते तुमचं."

आबा म्हणाले, बांधायला ती काय बैल हाय का.

मुलाखतीला आबाच मला शहरात घेऊन गेले. टेबलामागं बसलेल्या साहेबलोकांनी दाखला उलटसुलट पाहिला. एकानं विचारलं, बाईला मोठं जनावर आवरेल का. मी म्हणाले, पुरुषालाही आवरत नाही, म्हणून तर दोरी आणि खोडा असतो. दुसऱ्यानं सांगितलं की मुलींची राहायची सोय नाही. मी म्हणाले, मी सोय मागायला आले नाही, जागा मागायला आले आहे. तिसरे म्हातारे होते. त्यांनी फक्त पोटफुगीचं आणि अडलेल्या म्हशीचं विचारलं. म्हशीचं मी सांगितलं, रेडकू मेल्याचंही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहिलं.

प्रवेश मिळाल्याचं कळलं ते अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात. त्या दिवसांत कुणी कुठं जाण्यासारखं नव्हतं. रझाकारांच्या धास्तीनं गावं संध्याकाळी दारं लावून घेत होती, कितीक माणसं वऱ्हाडच्या हद्दीत गेली होती. मग हिंदुस्थानची फौज आली, निजामाचं राज्य गेलं आणि भीतीनं फक्त घर बदललं. आता मुसलमानांची घरं दारं लावून बसली. आबा आणि मी हिंगोलीला आलो तेव्हा दवाखाना बंद होता आणि डॉक्टरसाहेब बायकोमुलांसह घरात कोंडून होते. त्या गल्लीत जाऊ नका, असं आम्हाला ज्यानं त्यानं सांगितलं. आत्याचा रतीब मात्र एक दिवस चुकला नव्हता. तिलाही लोकांनी अडवलं होतं. म्हैस माझी, दूध माझं, कुणाला घालायचं ते मी ठरवीन, एवढंच ती बोलली होती.

दुसऱ्या सकाळी दुधाची चरवी मी घेतली आणि आत्याबरोबर त्या गल्लीत शिरले, चांगल्या उजेडात, मधोमध चालत. साहेबांनी कडी काढली. ते वाळले होते, पण शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्याच होत्या. त्यांनी मला बसवून घोड्याच्या पायाची हाडं वरपासून खालपर्यंत विचारली. दोन चुकली. ते रागावले. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, घोडा अजून कच्चा आहे, तेवढा पक्का कर.

गाड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. आबा आणि आत्या मला पोचवायला स्टेशनात आले. फलाटावर आबांच्या ओळखीचा एक अडत्या भेटला. असल्या दिवसांत पोरीला कुठं पाठवून राहिले, असं त्यानं काळजीनं विचारलं. आबांनी मला उत्तर देऊ दिलं नाही. आजूबाजूच्या माणसांनी वळून पाहावं एवढ्या मोठ्यानं ते म्हणाले, "ढोरांची डॉक्टर व्हायला चालली. शिकून येईल."

अडत्या काय बोलला ते मला ऐकू आलं नाही, कारण गाडी आली होती आणि आत्या माझी वळकटी डब्यात ढकलत होती.